रिकामी खुंटी

माझी पहिली ड्यूटी कोतात लागली. कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार. सकाळी रायफली वाटायच्या, संध्याकाळी परत मोजून घ्यायच्या. कोत हवालदार दळवी देवासचा, मी धरमपुरीचा, दोघेही मध्य प्रदेशातले मराठी. आपला माणूस भेटला म्हणून मी खूश. पहिल्याच संध्याकाळी त्याने माझी रायफल तीनदा परत केली. "बॅरलमध्ये काय, नर्मदेची रेती भरलीय?"

परेडमध्ये माझा डावा पाय आणि डावा हात एकदमच पुढे जात. एका लान्स नायकाने मेसमध्ये त्याची नक्कल केली. सगळी मेस हसली. मी तडक कोतावर, दळवीसमोर.

"उस्ताद, माझी रायफल."

"हुकूम कुणाचा?"

"साफ करायचीय."

"साफ करणारा माणूस असा धापा टाकत नाही. जा, आंघोळ कर." पाठ वळल्यावर म्हणाला, "राग आणि रायफल एका खोलीत निजवू नये, भिया." भिया म्हणजे आमच्याकडचा भाऊ.

रिटायर होऊन धरमपुरीला आलो. लायसन्सची दुनळी बंदूक बैठकीतल्या खुंटीवर टांगली. पाहुणे आले की मी मुद्दाम तिच्याखाली बसायचो. मग निवडणूक लागली. लायसन्सची हत्यारं ठाण्यात जमा करा, असा हुकूम निघाला. मी ठाण्यातल्या मुंशीशी वाद घातला.

"बिनलायसन्सचे गावठी कट्टेवाले येतात का जमा करायला?"

"नहीं आते, फौजी साब."

"मग मीच का?"

"क्योंकि आप आते हो."

बोलणं खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडलो, आणि पावती खिशात घालून परतलो.

त्याच आठवड्यात शेजारच्या शेतातल्या कैलासने आमच्या पाण्याच्या मोटारीचा पाइप उखडला. माझा मुलगा नितीन जाब विचारायला गेला तो कान फोडून घेऊन आला. शर्टावर रक्त. मी उठलो. हात खुंटीवर गेला.

खुंटी रिकामी होती.

मी त्या हाताकडे बघत राहिलो. चोवीस वर्षं शिस्त शिकलेला हात. निघताना त्याने मला विचारलंसुद्धा नव्हतं.

"अहो, काय शोधताय?" बायको दारात होती. तिला कळलं होतं.

मी अंगणातली काठी उपसली आणि धावलो. कैलास बांधावर फावडं घेऊन उभा. त्याने ते उचललं, मग हळूच खाली केलं.

"भिया, लड़ने आए हो कि सरेंडर करने?"

काठी कपडे वाळत घालायची होती. टोकाला बायकोचा पांढरा टॉवेल फडफडत होता.

तो पोट धरून हसला. मी चेहरा कडक ठेवायचा प्रयत्न केला, पण टॉवेल मधे मधे येत होता. मग मागून कान दाबत नितीन आला आणि कैलासचं हसू थांबलं. "अरे, छोरे को इतनी लग गई?" त्यानेच मोटारसायकलवर बसवून त्याला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी पाइप जोडून दिला.

बंदुकीच्या कायद्याने खून कमी होतात का, असं लोक मला फौजी समजून विचारतात. देशाचं मला ठाऊक नाही. कट्टेवाल्यांचं मुंशीनेच सांगितलंय. पण कैलास रोज बांधावरून "ओ सरेंडर भिया" अशी हाक मारतो, आणि माझ्या अंगावर काटा येतो. हा धिप्पाड माणूस, त्याची बायको, दोन पोरी, सगळे एका रिकाम्या खुंटीवर तरले.

बंदूक आता घरी आहे. काडतुसं बायकोच्या कपाटात, किल्ली तिच्या कमरेला. मागितली की म्हणते, "हुकूम कुणाचा?" मीच शिकवलंय.

हे सगळं उस्तादला सांगायला हवं होतं. पण नोकरीत असताना एकदा सरहद्दीवरच्या आमच्या चौकीवर भरदुपारी तोफांचं शेलिंग चालू होतं. गोळ्या संपत आल्या. मी वायरलेस सेटवर ओरडलो, "अॅम्युनिशन भेजो, ओव्हर." उत्तर आलं, "रास्ता बंद. इंतजार करो, ओव्हर." आणि थोड्या वेळाने दळवी सरपटत आला, पाठीवर पेटी घेऊन. सहीशिवाय एक गोळी न देणारा माणूस. त्या वेळीही मला चेष्टा सुचली.

"उस्ताद, हुकूम कुणाचा?"

"माझा," तो म्हणाला, आणि दुसरी पेटी आणायला वळला.

ती पेटी आम्हाला अर्ध्या वाटेवर मिळाली. उस्ताद तिच्याशेजारीच पडला होता. पेटीचं सील शाबूत होतं.