टाक्यात सोडलेलं पिल्लू

कोराडीच्या वीजकेंद्रात मला नोकरी लागली, तेव्हा आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच माणूस. बी.एस्सी., तेही प्राणिशास्त्र घेऊन. हे मी आजही छाती काढून सांगतो, कारण त्या पदवीसाठी आमच्या शेतावरून सावनेरच्या बसपर्यंत रोज दोन कोस सायकल हाणली आहे. नोकरी मात्र पाणी तपासायची होती. बॉयलरला जाणारं पाणी दिवसभर काचेच्या नळीत धरून बघायचं.

घरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. क्वार्टरच्या मागे सिमेंटचं टाकं होतं. नळ सकाळी तासभर यायचा, तेवढ्यात ते भरून ठेवायचं. दोन दिवसांत त्यावर केंद्राच्या चिमण्यांतून उडणाऱ्या राखेची साय धरायची आणि आत डासांच्या अळ्या वळवळायच्या. नवीन लग्न झालेलं, बायको रोज ऐकवायची, "बॉयलरले चांगलं पाणी पाजता अन् मले हे!"

अशात पाळीवरचा एक तेलुगू सोबती गावाहून सुटी संपवून आला. त्याने रुमालात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातावर ठेवलं. कासवाचं पिल्लू. लिंबाएवढं, काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. "घर में रखो, अच्छा होता है," एवढं बोलून तो कामावर निघून गेला. असं जनावर घरी ठेवू नये, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं.

माझ्या डोक्यात लगेच टाकं आलं. आमच्याकडे गावोगाव विहिरीत कासव सोडतात, पाणी साफ राहतं म्हणून. बायकोच्या माहेरच्या विहिरीतही होतं. ती तर खूषच झाली. "हे बेस झालं. आता अळ्याची कटकट गेली."

बसायला जागा हवी म्हणून मी टाक्यात पाण्यावर येतील एवढ्या विटा रचल्या आणि पिल्लू पाण्यात सोडलं. ते दगडासारखं सरळ तळाशी गेलं. खाली चारी पाय झाडू लागलं. मी बाही वर करून त्याला काढलं आणि विटेवर ठेवलं.

"नवीन जागा आहे," मी बायकोला म्हणालो. "सवय होईल."

दुसऱ्या दिवशी ते विटेवरच, मान आत ओढून. व्यायाम व्हावा म्हणून मी त्याला बोटाने पाण्यात ढकलायचो, बुडालं की काढायचो. कणकेच्या गोळ्या दिल्या, मुंग्या दिल्या, कुंपणापाशी खणून गांडूळही आणलं. कशाला तोंड लावेना.

तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, ते पाण्याले भेते."

"कासव पाण्याले भेत नसते. मी शिकलो आहे हे."

"मंग त्यानं नसंन शिकलं."

मी हसलो. पण चौथ्या दिवशी पिल्लाने डोळेही उघडले नाहीत. हातात घेतलं तर अंग गार, मान सैल. बायकोने त्या टाक्यावर भांडी घासणंच सोडलं. "मेलं तं मले सांगू नका," म्हणाली.

त्याच दिवशी सकाळी बाबा शेतावरून आले. माझे वडील, अंगठेबहाद्दर माणूस. पाय धुवायला टाक्याकडे गेले आणि तिथूनच ओरडले, "हे काय ठेवलं गा?"

"कासव. पाणी साफ ठेवते."

त्यांनी पिल्लू उचललं, उलटं केलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. "विहिरीतल्या कासवाच्या बोटात बदकावानी पडदा राह्यते. याले आहे का? हे तं हत्तीच्या पायाचे ठोकळे! जमिनीवरचं जनावर हाय हे. अन् तू काहून याले बुडवून राहिला?"

बोटांमधला पडदा मी परीक्षेत आकृती काढून लिहिला होता, मार्कही मिळवले होते. पण हातात आलेल्या कासवाचे पाय एकदाही पाहिले नव्हते. कासव म्हणजे पाणी, असं विहिरीने सांगितलं आणि मी मान डोलावली.

"आता?" बायकोने विचारलं. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"आता काय, सुकवा त्याले."

अंगणात पोतं अंथरलं. पिल्लू उन्हात ठेवलं. कावळे येऊ नयेत म्हणून बायको सूप घेऊन राखण करत बसली. बाबांनी भिंतीकडेची घोळाची भाजी उपटून पिल्लासमोर टाकली. दुपार झाली तरी ते हललं नाही. बाबांच्या परतीच्या एस.टी.ची वेळ होत आली होती, दुसऱ्या दिवशी शेतात तण काढायला, निंदणाला बाया सांगून ठेवलेल्या. त्यांनी चपला घातल्या.

"मामाजी, थांबा ना," बायको सासऱ्यांना म्हणाली. "त्यानं खाल्लं की जा."

"अवं, याच्यासाठी का मी गाडी सोडू?" असं म्हणत ते चपलांसकट पोत्याशेजारी बसले.

बऱ्याच वेळाने पाठ तापली. मग एक डोळा उघडला. मान सुरकुतत बाहेर आली. बाबांनी कोवळं पान पुढे धरलं. पिल्लाने आ केला आणि नेम चुकून त्यांच्या अंगठ्याला धरलं.

"अरे, हे तं मलेच खाऊन राहिलं!"

दुसऱ्या खेपेला पान सापडलं. टचकन तुकडा निघाला. बायकोने आनंदाने टाळी वाजवली, तशी मान सर्रकन आत.

"चूप वं पोरी! जेवणाऱ्यापाशी टाळ्या वाजवतेत का?"

आम्ही तिघं गप्प बसलो. तेवढ्यात रस्त्यावरून सावनेरची एस.टी. हॉर्न देत निघून गेली. बाबांनी तिकडे पाहिलंही नाही. मान परत बाहेर आली होती आणि पान अर्धं संपलं होतं.

"जाय, अजून घोळ आण," ते मला हळूच म्हणाले. "कोवळी पाह्यजो."

मी उठलो आणि कुंपणापाशी वाकून शोधायला लागलो.