तिसरी खोली गप्प होती

शेपूटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण बियाण्यांच्या कोठारात त्यांना खऱ्या नावाने हाक मारली तर ते स्वतःसुद्धा वळून बघत नसत. हे बारसं त्यांनी आपल्याच तोंडाने करून घेतलं होतं. एकदा बैठकीत कोठाराच्या मोठ्या बाईंनी विचारलं, "तुम्ही दिवसभर त्या स्क्रीनकडे बघत नेमकं करता तरी काय?" आणि ह्या भल्या गृहस्थाने अगदी मनापासून सांगितलं, "मी सगळ्या फायलींची शेपटं धरून बसतो." उरलेली बैठक हसण्यातच गेली आणि नाव कायमचं चिकटलं.

त्यांनी सांगितलं ते तसं शब्दशः खरं होतं. कोठार म्हणजे एक लांबलचक, बसकी इमारत. आत एकीला लागून एक थंड खोल्या आणि त्यांत छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर पाकिटांत बंद करून ठेवलेलं नाना जातींचं बी. 'ठेवलेलं' हा बाकीच्यांचा शब्द. शेपूटराव म्हणायचे 'झोपलेलं', आणि खोल्यांसमोरून जाताना बूटही हळू टाकायचे. प्रत्येक खोलीला गार ठेवणारं एक यंत्र होतं आणि ते यंत्र थोड्या थोड्या वेळाने आपल्या फायलीत एक ओळ लिहायचं. थंडी किती, ओल किती, दार कोणी उघडलं का. नवी ओळ जुन्या ओळीच्या खाली. फाइल वाढायची ती नेहमी खालच्या टोकाला, म्हणून ते टोक म्हणजे शेपूट. अशा फायलीला लॉग फाइल म्हणतात.

सुरुवातीला ते एकेक फाइल उघडून वाचत. शेवटच्या खोलीपर्यंत पोचेतो पहिल्या खोलीने बरंच काही लिहून ठेवलेलं असे, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. नुसती दमछाक. मग कुठूनसं त्यांना एक लायब्ररी मिळाली. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला, कुणालाही आपल्या कामात जोडून घेता येईल असा तयार कोड. तिच्या हवाली सगळ्या फायली एकदम करायच्या. कुठल्या फायलीत आपण कुठवर वाचलं हे ती लक्षात ठेवणार आणि कुठेही नवी ओळ उमटली की सांगणार. त्यातही शेपूटरावांचा जीव जडला तो तिच्या एका सवयीवर. जी फाइल सारखी बडबडते तिच्याकडे ती वारंवार डोकावायची आणि जी गप्प असते तिला त्रास न देता स्वतःही जरा जास्त वेळ डुलकी काढायची. ज्याने हे लिहिलं तो माणूस दुपारचा झोपणाराच असणार, अशी त्यांची खात्री होती. त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल त्यांना सख्ख्या भावासारखा जिव्हाळा वाटे.

त्या लायब्ररीवर त्यांनी आपली एक छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या सूचना, लिहिली. आता सगळ्या खोल्यांच्या नव्या ओळी एकाच स्क्रीनवर उमटू लागल्या, प्रत्येकीच्या आधी खोलीचा क्रमांक. शेपूटराव खुर्चीत मागे रेलायचे. दुसरी बोलली, पाचवी बोलली, पहिलीने काहीतरी पुटपुटलं. डोळे अर्धवट मिटले की ते शब्द राहत नसत, नुसता श्वास उरे. सगळं कोठार एका लयीत श्वास घेतंय आणि आपण उंबऱ्यावर बसून ऐकतोय असं त्यांना वाटायचं. येणारेजाणारे एकमेकांना खुणावत, शेपूटरावांची तंद्री लागलीय. लागलेलीच असायची. कामाला काम आणि स्वप्नाला स्वप्न, असा पगार फार थोड्यांच्या नशिबात असतो.

घरीही त्यांचं हेच चाले. बायको लोकांचे कपडे उसवून नीट शिवून द्यायची. खिडकीपाशी तिचं शिलाईयंत्र होतं. हे आतल्या खोलीत पडल्या पडल्या ऐकत. यंत्र चाललंय, म्हणजे ठीक. यंत्र थांबलंय, म्हणजे विसावा घेतेय, तेही ठीक. मध्येच उठून काही विचारावं असं त्यांच्या मनातही येत नसे. संसार कसा सुरळीत चाललाय, असं ते कौतुकाने लोकांना सांगत. बायको ते ऐके आणि दोरा ओवत राही.

सासूबाई वारल्या त्या वर्षी बायकोने माहेराहून कापडी पुरचुंडीत मूठभर बी आणलं. जांभळ्या ठिपक्यांचा घेवडा. सासूबाईंच्या परसात त्याचा वेल होता. घर दुसऱ्यांकडे गेलं, त्यांनी वेल उपटून टाकला. आता ते बी जगात त्या पुरचुंडीत होतं तेवढंच. एका सकाळी तिने ती पुरचुंडी ह्यांच्या डब्याशेजारी ठेवली.

"अहो, हे तुमच्या थंड खोलीत ठेवता का?"

"बरं," शेपूटराव म्हणाले.

एवढंच. मोठ्या बाईंनीही आढेवेढे न घेता तिसऱ्या खोलीतल्या खालच्या फळीवर कोपरा दिला. बायकोने नंतर कधी बियाचा विषय काढला नाही. ह्यांनीही काढला नाही. अळीमिळी गुपचिळी.

पुढे तिसऱ्या खोलीला नवं यंत्र आलं आणि काही दिवसांतच ती खोली एकदम शांत झाली. बाकीच्या खोल्या पुटपुटत होत्या, तिसरी अवाक्षर काढीना. शेपूटरावांनी तिला मनातल्या मनात शाबासकी दिली. गुणी पोर. सासूबाईंचा घेवडा कसा गाढ झोपलाय. लायब्ररीही तिच्याकडे डोकावायचं कमी करत गेली, आणि ही दोघं, लायब्ररी आणि शेपूटराव, तिसरीच्या भरवशावर निवांत झाले.

त्यांची आणखी एक गंमत होती. अधूनमधून ते स्वेटर चढवून पुरचुंडीला भेटायला जात. काही करायचं नसे, नुसतं बघून यायचं. खरा आनंद बाहेर येण्यात होता. थंडीतून बाहेरच्या उबेत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि सगळं जग पांढरं होऊन जायचं. भिंती नाहीत, दारं नाहीत, माणसं नाहीत. ते तसेच उभे राहत आणि चष्मा पुसायची घाई करत नसत.

त्या दिवशी ते तिसऱ्या खोलीतून बाहेर आले, सवयीने थबकले आणि वाट बघत राहिले. जग पांढरं होईना. समोरच्या भिंतीचा पोपडा स्वच्छ दिसत होता. त्यांनी चष्मा काढून बघितला. काच कोरडी. मग त्यांच्या ध्यानात आलं की आत असताना स्वेटरमध्ये आपल्याला चक्क उकडत होतं.

धावतच ते खुर्चीकडे गेले. तिसऱ्या खोलीच्या यंत्राच्या फायली उघडल्या आणि सगळा उलगडा झाला. नवं यंत्र फार टापटिपीचं होतं. फाइल मोठी झाली की ते तिचं नाव बदलून तिला बाजूला ठेवायचं आणि जुन्याच नावाने कोरी फाइल सुरू करायचं. जुन्या यंत्रांना असलं वळण नव्हतं, त्यामुळे शेपूटरावांनी त्याचा कधी विचारच केला नव्हता. त्यांच्या स्क्रिप्टने बाजूला ठेवलेल्या फायलीचं शेपूट घट्ट धरून ठेवलं होतं. त्या फायलीत आता कुणीच लिहिणार नव्हतं. आणि नव्या फायलीत तिसरी खोली गप्प नव्हतीच. पंखा अडकतोय. थंडी कमी होतेय. ओल वाढतेय. कुणीतरी या. ओळीमागून ओळ, अशा किती तरी.

मेकॅनिकने पंखा काढला, फुंकर मारली, नवा बसवला. खोलीतल्या इतर बियांची जुळी पाकिटं दुसऱ्या कोठारात होती, त्यामुळे ती भरून काढता येणार होती. मोठ्या बाई मात्र तापल्या होत्या.

"यंत्र गळा काढून ओरडत होतं हो. तुम्ही कुठे होतात?"

"मी जुनंच शेपूट धरून बसलो होतो," शेपूटराव म्हणाले. ह्या वेळी कुणी हसलं नाही.

पुरचुंडीला जुळं नव्हतं. त्यांनी ती उघडली तेव्हा कापड दमट लागलं. काही दाणे फुगले होते, काहींवर बुरशीची लव धरली होती.

निघण्याआधी त्यांनी स्क्रिप्ट सुधारली. आपण धरलेली फाइल त्या नावाची अजून तीच आहे ना, हे बघत राहायचं, एक. आणि कुठलीही खोली आपल्या सवयीपेक्षा जास्त वेळ गप्प राहिली तर घंटा वाजवायची आणि उठून जाऊन विचारायचं, दोन. सोपं होतं. पहिल्या दिवशीच करता आलं असतं. घरी जाताना पाय मात्र उचलत नव्हते.

बायको शिलाईयंत्रावर होती. त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही म्हणजे काही लपवलं नाही. तिने पुरचुंडी हातात घेतली, दाणे मांडीवर ओतले, पुन्हा भरले आणि बाजूला ठेवली.

"बरं," ती म्हणाली, आणि यंत्र चालू केलं.

शेपूटराव आतल्या खोलीत जाऊन पडले. यंत्र चाललंय, म्हणजे ठीक, असं मन सवयीने म्हणालं. पण आज त्या मनावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्यांनी कान टवकारले. आवाज वेगळा होता. फारच हलका. ते उठून बाहेर आले. यंत्र भरभर चाललं होतं आणि सुईखाली कापडच नव्हतं.

त्यांनी हात पुढे करून चाक थांबवलं. "काय झालं?"

"काही नाही."

इतकी वर्षं ह्या दोन शब्दांवर ते समाधानाने परत जात आले होते. आज त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले. "मी उठणार नाही. सांग."

तिने सुईतला दोरा ओढून काढला. मग म्हणाली, "तुम्हाला वाटलं, बी टिकावं म्हणून मी तुमच्याकडे दिलं?"

"मग?"

"घरात असतं तर मी पेरलं असतं. उगवलं नसतं तर काय केलं असतं मी? आणि उगवलं असतं तरी... आई त्या वेलाखाली उभी राहून हाका मारायची मला. मला तो वेल बघायचा पण होता, आणि बघवणार पण नव्हता." तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "म्हणून म्हटलं, असू दे गारठ्यात. मलाही गार होऊ दे."

"अगं, मग मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

शेपूटरावांना लाज वाटली, आणि तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की त्यांना नुसतं तिचं मनगट धरून बसता आलं.

फुगलेलं बी पुन्हा झोपत नाही. त्याच संध्याकाळी दोघांनी घरातले रिकामे डबे जमवले, माती भरली आणि होते नव्हते ते सगळे दाणे पेरून डबे खिडकीत मांडले. मग रोज सकाळी शेपूटराव ह्या डब्याकडून त्या डब्याकडे फिरू लागले. सगळी माती गप्प. त्यांचं बोट शिवशिवायचं.

"उकरू नका," बायको आतून ओरडायची.

"विचारतोय फक्त."

"तोंडाने विचारा."

बहुतेक दाणे कुजले. आशा सोडून तिने डबे उचलायला घेतले, तेव्हा कडेच्या डब्यातली माती जराशी फुटलेली दिसली आणि भेगेतून एक वाकडी मान वर आली होती. डोक्यावर अजून ठिपक्यांचं साल होतं. बायको बघत राहिली. हातातला डबा खाली ठेवून तिने चहाचं आधण चढवलं.

शेपूटराव मागोमाग गेले. "गप्प का झालीस?"

पाणी उकळलं तसं तिने झाकण काढलं. भपकन वाफ वर आली, त्यांच्या चष्म्यावर धरली आणि सगळं जग पांढरं झालं. भिंती गेल्या, खिडकी गेली, ती गेली. त्या पांढऱ्यातून तिचा आवाज आला, "आई ना, वेलाला पहिली शेंग धरली की मला उठवायला यायची..." ती सांगत गेली. मध्ये थांबली की ते म्हणत, "मग?" चष्मा पुसायची त्यांनी घाई केली नाही.