बठ्ठं नाव

माझ्या भाच्याचं नाव मी ठेवलं, आणि त्याचा गर्व मी कधीच लपवला नाही. नाव दोन अक्षरी आहे. ते इथे लिहीत नाही. भाचा आता मोठा माणूस झालाय, आत्याने आपल्याला छापून टाकलं म्हणून उगाच फुगून बसेल.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बारशासाठी मी धुळ्याहून माहेरी, भडगावजवळच्या आमच्या गावी आले. एसटीतून उतरते न उतरते तोच आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नाव सांगून टाकलं. चांगलं ऐसपैस, शेवटी 'राव' लावलेलं. आमच्याकडे पुरुषांची नावं अशीच. ती लग्नपत्रिकेत छापायची आणि एरवी ट्रंकेतल्या फेट्यासारखी जपून ठेवायची, कारण गावात जो तो कुणाचा आबा, कुणाचा नाना, नाही तर भाऊ. पण हे आबांना सांगणार कोण?

दुपारी वहिनी बाळाला तेल लावत होती. तिने ते दोन अक्षरी नाव घेतलं. मला वाटलं, बाळाशी लाडाने बोलतेय. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अक्का, हाईच ठेवा ना. माले कोनी इचारं नही. लगीनमा मनं नाव बदललं, तवय बी नही."

खरं होतं ते. तिच्या लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने जे नवं नाव लिहिलं गेलं, तेही आबांनीच ठरवलेलं. ती मान डोलावून गप्प बसली होती. मी तिथेच ठरवलं की या खेपेला आबांचं चालू द्यायचं नाही.

संध्याकाळी पाळणा सजला, बायका जमल्या. नाव ठेवायचा मान आत्याचा. मी बाळाच्या कानाशी वाकले, पाठीवर धपाटे बसत होते, तेवढ्यात मी वहिनीने सुचवलेलं नाव कानात सांगून टाकलं. मग उभी राहून तेच मोठ्याने म्हणाले.

"आणि पुढे?" एका काकूने विचारलं.

पुढे काही नव्हतंच. ओसरीवरून आबांचा आवाज आला, "हाई ते हाक मारानं नाव शे. बठ्ठं नाव सांग."

"इतलंच शे बठ्ठं, आबा," मी म्हणाले. पूर्ण नाव तेवढंच.

आत्याने कानात सांगितलेलं नाव फिरवायचं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. वहिनीने पाळण्याची दोरी हातात घेतली आणि मान खाली घालून हसली. आबा दोन घास खाऊन ताटावरून उठले.

मग त्यांनी हट्ट दुसऱ्या बाजूने चालवला. नातवाला त्या नावाने हाकच मारायची नाही! 'पोऱ्या' म्हणायचे. जीव ओवाळून टाकायचे त्याच्यावर, खांद्यावर घेऊन केळीच्या बागेत हिंडायचे, सायकलच्या दांडीवर बसवून बाजाराला न्यायचे. पण नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही. माणूस जिद्दी. मी तरी कुणाची मुलगी?

त्याला शाळेत घालायच्या दिवशी मी माहेरीच होते. गुरुजी म्हणाले, "हे घरचं झालं. शाळेचं नाव सांगा." आबांनी खाकरून तोंड उघडलं. आणि सासऱ्यासमोर कधी चकार शब्द न काढलेली आमची वहिनी पदर सावरत पुढे झाली. "हाईच शे, गुरुजी. घरनं बी हाईच, शाळानं बी हाईच." गुरुजींनी लिहून घेतलं. मला तर तिचा असा अभिमान वाटला की तिथेच मिठी मारावी. घरी येताना आबा आमच्या पुढे पुढे चालत राहिले.

नव्वद साली आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी धुळ्याहून धावत आले. डॉक्टर म्हणाले, बोलतं करत राहा. माझा भाऊ समोर बसून त्यांच्याकडून नावं वदवून घ्यायचा, त्यांचं स्वतःचं, त्याचं, माझं. ती लांबलचक नावं पहिल्याच अक्षराला अडकायची. आबा चिडून भिंतीकडे तोंड फिरवायचे.

एका सकाळी वहिनी त्यांना चमच्याने मुगाचं पाणी पाजत होती. भाचा दप्तर अडकवून शाळेला निघाला, ओट्यावरून उतरला. आबांनी डाव्या हाताने चमचा बाजूला सारला, ओठ जुळवले आणि हाक मारली. वेडीवाकडी, पण दोन्ही अक्षरं.

भाचा पायरीवर थबकला. "काय, आबा?"

आबांना काही नको होतं. त्यांनी पुन्हा तेच नाव घेतलं, या वेळी आणखी स्वच्छ, आणि अर्ध्या तोंडाने हसले.

वहिनीच्या हातातली वाटी कलंडली, मुगाचं पाणी साडीवर सांडलं. तिचे डोळे भरून आले होते. ती माझ्याकडे वळली आणि आबांसमोरच, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "अक्का, आबानी बठ्ठं नाव लिधं!"