माझे पाच, बाईंची शून्यं

पोलीस ॲक्शन होऊन निजामी राजवट संपली, त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या शाळेची भाषा बदलली. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी उर्दू होती, सुट्टीनंतर मराठी झाली. मी सातवीत गेले होते. पहिलीपासून सगळं उर्दूतून शिकलेली. बेरजेला जमा म्हणायचं, त्रिकोणाला मुसल्लस. घरात आम्ही मराठीच बोलायचो, त्यामुळं सगळ्यांना वाटलं, पोरींना आता सोपंच जाईल. वडील तर म्हणाले, "आपलीच भाषा आली, आता कसली अडचण?" घरात बोलणं वेगळं आणि त्या भाषेत भागाकार करणं वेगळं, हे त्यांना कोण सांगणार?

गणिताच्या जुन्या शिक्षिका, आमच्या उस्तानी, सुट्टीनंतर आल्याच नाहीत. कुठं गेल्या, कुणी सांगितलं नाही. त्यांच्या जागी गणिताला पुण्याकडच्या बाई आल्या. स्वच्छ पांढरं पातळ, खणखणीत आवाज. मारत नसत, पण उर्दूचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं.

वर्गात माझ्या शेजारी बसायची ती गंगापूरकडच्या एका शेतकरी घरातली मुलगी. शिकण्यासाठी इथं शहरात, शहागंजात मामाकडं राहायची. गणितात ती माझ्या चार पावलं पुढं. मी पाटीवर मांडणी करेपर्यंत तिचं उत्तर तोंडी तयार असायचं.

सहामाहीत मला शंभरात अकरा गुण मिळाले, तिला नऊ. माझ्या पेपरावर बाईंनी लाल शाईनं लिहिलं होतं, 'निष्काळजी. घरी लक्ष दिले जात नाही.'

वडील तहसील कचेरीत कारकून होते. त्यांनी तो शेरा वाचला आणि पेपर तसाच हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"दिवसभर घरात असतेस. पोरीचा अभ्यास कुणी बघायचा?"

आई भाकरी थापत होती. "मला अक्षरओळख नाही. मी तिला बसवते, ती बसते. पुस्तकात ती काय बघते, ते मला कसं कळावं?"

मग माझी पाळी. "डोकं कुठं असतं तुझं?"

"दादा, माझी उत्तरं बरोबर आहेत," मी वडिलांना म्हणाले.

"बरोबर आहेत तर अकरा कसे?"

ते मलाच ठाऊक नव्हतं. उत्तरं बरोबर होती एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. दोन दिवस मी जेवताना कुणाशी बोलले नाही. रडू येत होतं, पण ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं.

तिसऱ्या दिवशी सही करायला म्हणून वडिलांनी पेपर उघडला आणि एका उत्तरावर त्यांचं बोट थांबलं.

"हे काय लिहिलंस?"

"चारशे पन्नास."

"बाईंनी चाळीस धरलंय."

उर्दूत पाच गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. बाकीचे अंक मी मराठी काढले होते, पण घाईत पाच आणि शून्य जुन्याच वळणाचे उतरले होते. बाईंनी माझा प्रत्येक पाच शून्य म्हणून वाचला आणि माझी शून्यं शाईचे डाग म्हणून सोडून दिली. वडिलांनी पेन्सिल घेतली आणि सगळा पेपर पुन्हा तपासला. अठ्ठावन्न झाले. आईला मात्र ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन शाळेत आले. बाईंनी पेपर बघितला, मान हलवली. त्यांना पटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसलं.

"पण मला हे कसं कळणार?" त्या म्हणाल्या. "मुलीनं सांगायचं. नाहीतर तुम्ही घरी अंक गिरवून घ्यायचे."

"बाई, भाषा शाळेनं बदलली. मी बदलली नाही."

"मी तरी कुठं बदलली? मला बदली करून इथं पाठवलंय."

दोघं मिळून मुख्याध्यापिकांकडं गेले, मी मागून. त्या म्हणाल्या, "हुकूम वरून आलाय. मराठी अंकांतच तपासायचं. हिचे गुण बदलले तर सगळ्यांचेच बदलावे लागतील."

"मग बदला ना!" वडील म्हणाले.

मी पुढं होऊन टेबलावरच्या पेपरावर बोट ठेवलं. "हा पाच आहे. हा पण पाच आहे. हा पण."

"हळू बोल," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

वर्षभरात त्या शाळेत मला जे काही शिकवलं गेलं, त्यातलं सगळ्यात स्पष्ट आठवतं ते हे 'हळू बोल'. गुण अकराच राहिले.

त्याच आठवड्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या त्या मुलीचे वडील तिला शाळेतून काढून न्यायला सर्व्हिस मोटारीनं गंगापूरहून आले. ती दप्तर घेऊन फाटकाशी उभी होती. मी धावत गेले. "काका, तिचा पेपर बघा. तिचे पाच..."

"पाच काय नि धा काय, बाई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "लई शिकली. शाळाच म्हणती डोकं नाय, तर नाय. आपुन काय शाळेपेक्षा शहाणे हाय व्हय?"

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. तिला वाटत होतं, आपल्याला खरंच गणित येत नाही. मला ते सहन होईना. पण मी काय करणार होते? बारा वर्षांची पोर.

पुढं रोज संध्याकाळी वडील मला अंक गिरवायला बसवत. पाच, शून्य, पाच, शून्य. वार्षिक परीक्षेत मी पास झाले. वडील शेजाऱ्यांना सांगत सुटले, "मी स्वतः बसून शिकवलं." बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बघ, मी कडक राहिले म्हणून वळण लागलं." आईनं देवापुढं साखर ठेवली, तिनं नवस केला होता म्हणे.

त्याच दिवशी भर दुपारी, सगळे घरात असताना, मी वडिलांना विचारलं, "आणि तिचं काय?"

"कुणाचं?"

"माझ्या शेजारी बसायची तिचं. तिलाही येत होतं सगळं."

वडील वर्तमानपत्र वाचत होते. "तिला तिचे आईबाप आहेत," ते म्हणाले आणि पान उलटलं.