सुगिनोकोजींची लाथ

सुगिनोकोजी मोतोहिरा यांना सम्राटांच्या दरबारात मान भरपूर होता आणि काम जवळजवळ नव्हतं. हरणाच्या कातड्याचा चेंडू जमिनीला टेकू न देता पायाने उडवत ठेवायचा, ही त्यांच्या घराण्याची बारा पिढ्यांची विद्या. तिची गुप्त पोथी पिढीत एकालाच मिळायची, त्यामुळे साहेबांचा तोरा असा, की राज्य जणू त्यांच्याच पायावर उभं आहे.

मग दोन सेनापती भांडले आणि राजधानीचा कोळसा झाला. अंगणात चार कोपऱ्यांना लावलेली चेरी, पाइन, विलो आणि मेपल ही खेळाची चार झाडंही जळाली. साहेब बायकोमुलासह ओमी प्रांतात उशिजिमा नावाच्या सरदाराच्या मातीच्या गढीत येऊन राहिले. आयुष्यात कधी कच्चा मुळा न पाहिलेल्या हारुकोबाई आता पिंपभर मुळे खारवत होत्या, आणि राजधानीत होत्या त्याहून खुशीत होत्या. साहेब उशिजिमाला चेंडू शिकवत. गड्याने पंधरवड्यात दोन कुंपणं पाडली, पण हौस दांडगी.

घोर होता तो मुलाचा. सतरा वर्षांच्या मोतोफुसाला चेंडूपेक्षा भाला प्यारा. महिनाअखेरीस उशिजिमाची फौज राजधानीकडे निघणार होती आणि त्याने पोराला बरोबर न्यायचं कबूल केलं होतं.

"अहो, तुम्ही काही बोलणार आहात का?" हारुकोबाईंनी विचारलं.

"बोललो. म्हणाला, लाथा मारून कुणी शूर होत नाही."

"मग दुसऱ्याशी बोला. तुमचं ऐकणारा या गढीत एकच आहे, आणि तो कुंपणं पाडतो."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पोथी उशिजिमापुढे ठेवली. एवढा आडदांड माणूस, ढसाढसा रडला. पोथी घेतली, चार झाडांच्या देवापुढे शपथही घेतली. पोथीत लिहिलेली शपथेची अट मग आपल्या दालनात निवांत वाचली, आणि धावत आला.

"गुरुजी, शंभर दिवस हत्याराला हात लावायचा नाही? घरातल्या कुणीच?"

"माझ्या आज्यापासून असंच चालत आलंय."

"अहो, पण माझी लढाई आहे."

"तर मग पोथी परत द्या. जांभळा पायजमाही जाईल."

जांभळा पायजमा गुरूच्या परवानगीशिवाय घालता येत नसे, आणि उशिजिमाने तो कालच शिवायला टाकला होता. तो बराच वेळ डोकं खाजवत बसला. शेवटी त्याने सेनापतीला पोटदुखीचा निरोप धाडला.

खालच्या खोऱ्यातली फौज मात्र गेली. एकशेवीस गेले, नऊ परतले. त्यात मोतोफुसाचे दोन सोबती नव्हते.

ही बातमी आली त्या सकाळी मोतोफुसा अंगणात आला. उशिजिमा नवा पायजमा घालून चेंडूमागे धावत होता. तो पाणी प्यायला गेला, तेव्हा पोरगा बापाजवळ उभा राहिला.

"बाबा, ती पोथी माझी होती."

"तुझीच होती."

"आता मी कोण? सुगिनोकोजींच्या घरात तेरावा कुणी नाहीच."

साहेबांना घराण्याचं वाईट वाटत होतं, खूपच वाटत होतं. पण मुलाच्या कपाळावरचा घाम त्यांनी बाहीने पुसला आणि ते म्हणाले, "घरात तू आहेस ना, पुष्कळ झालं."