चुलतभावाची बुडी

माझा चुलतभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आमच्या तेर गावाच्या आसपास कुणाच्याही विहिरीत काही पडलं की त्यालाच बोलावणं यायचं. मोटर, पाइप, घागर, एकदा तर कुणाची तरी सून. तो काठावर उभा राहून छाती भरून श्वास घ्यायचा, तोंड घट्ट मिटायचा आणि खाली जायचा. लहानपणी बुडी मारली की तळाची मूठभर माती वर आणून दाखवावी लागे, नाहीतर ती बुडी कुणी धरायचं नाही. माझ्या मुठीत माती कधी आलीच नाही. त्याच्या मुठीत ती हटकून असायची, आणि माझे वडील माझ्यादेखत त्याच्या पाठीवर थाप मारायचे. पुढं मी पुण्यात नोकरीला लागलो, तरी गावात माझी ओळख ‘त्याचा भाऊ’ हीच राहिली. याचा मला राग होता आणि अजूनही आहे.

अंदमानला मी त्याला मायेनं नेलं असं घरात सगळ्यांना वाटलं. पाठीवर एकेक सॅक, एका लहानशा बेटावर बांबूच्या झोपडीत आठवड्याचा मुक्काम. माणसं मोजकीच, समुद्र दारात. हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायचं, याचा त्यानं ध्यास घेतला होता. "दादा, येकदा तळ बघू दे, मंग लई झालं," असं दिवसातून दहादा म्हणायचा.

शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं की पाण्याखाली श्वास रोखायचा नाही. श्वास रोखून वर आलात तर फुप्फुस फाटेल. मग छातीभर पाण्यात सराव सुरू झाला. मला पोहणं बेताचंच येतं, पण मी नळी तोंडात धरून मुकाट श्वास घेत राहिलो. त्याचं डोकं पाण्याखाली गेलं की छाती गच्च, बुडबुडा म्हणून नाही. बाई त्याला वर काढायच्या, पुन्हा समजावायच्या. तो "व्हय, व्हय" म्हणायचा आणि पुन्हा तेच करायचा. विहिरीनं लावलेली सवय ती, तीन दिवसांत कुठली सुटणार?

मी मात्र खूश होतो. सोबत शिकणाऱ्या पोरापोरींना मी विहिरीची आणि मातीची गोष्ट रंगवून सांगितली. तो पाण्यातून बाहेर यायला लागला की आम्ही सगळे गाल फुगवून त्याच्याकडं बघायचो. तोही ओशाळून हसायचा.

चौथ्या दिवशी बाईंनी मला बाजूला घेतलं. भाऊ शेजारी असला की तो जरा सैल होतो, तुम्ही आणखी दोन दिवस त्याच्याबरोबर इथंच थांबलात तर त्याला जमेल, असं त्या म्हणाल्या. नाहीतर उद्या खोल पाण्यात तुम्ही एकटे चला. मी म्हणालो, उद्याच येतो.

दुसऱ्या दिवशी तोही होडीतून आला, पण पाण्यात उतरला नाही. खाली मला एक मोठं कासव दिसलं, तळाचं गवत निवांत खात होतं. वर तो होडीत ताटकळत बसलाय, या विचारानं मला ते कासव आणखीच आवडलं. वर आल्यावर हात देऊन त्यानंच मला होडीत ओढलं. "काय काय हाय रं खाली?" मी सगळं सांगितलं, अगदी चवीनं.

गावी परतल्यावर आमच्या ओसरीवर माणसं जमली. त्याची सहा वर्षांची पोरगी त्याच्या मांडीवर बसली होती. तो तिला सांगत होता, कासव केवढं होतं, गवत कसं खात होतं, आपण जवळ गेलो तरी कसं हललं नाही. सगळे शब्द माझे. माझे वडील कौतुकानं मान डोलावत होते. मला गप्प बसता आलं असतं.

"हा होडीतच बसला होता," मी म्हणालो. "ह्याला खाली श्वासच घेता येईना."

माणसं हसली, सगळ्यांत आधी माझे वडील. पोरीनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं.

"पप्पा, तुमी बघितलंच न्हाय?"

"न्हाय," तो म्हणाला.

 ती त्याच्या मांडीवरून उतरली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. "मोठे काका, तुमी सांगा," म्हणाली. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि तो खाली मान घालून ऐकत राहिला.