गोडबोल्यांची बेल मुकी झाली

गिरगावातल्या आमच्या वाडीत रेमंड मिरांडा राहतो. एके काळी दर आठवड्याला त्याची ट्रम्पेट महाराष्ट्रातल्या घराघरांत शिरायची आणि त्याचं नाव मात्र कुणाला ठाऊक नसायचं. ‘गोडबोल्यांची बेल’ ही विनोदी मालिका सुरू होताना वाजायची ती धून त्याने वाजवलेली. पुढे तो लग्नांत वाजवायला गेला तरी लोक तीच मागायचे, अगदी नवरानवरी हार घालत असतानासुद्धा.

यंदा एका अ‍ॅपने ती मालिका परत आणली. ‘जशी होती तशी, खास तुमच्यासाठी!’ अशी जाहिरात. रेमंडने शर्टाला इस्त्री केली, बायकोने, व्हायोलाने, पॅटिस तळले. शेजारचा गुणाजी परब बायको-सुनेला घेऊन आला आणि घरातली एकुलती आरामखुर्ची त्याने अडवली.

मालिका सुरू झाली. ट्रम्पेटच्या जागी टिंग टिंग टिंग. लिफ्टचं दार उघडं राहिलं की वाजतं तसं.

“येईल रे, सुरुवात आहे,” गुणाजी म्हणाला.

आलं ते भलतंच. लग्नाच्या प्रसंगात मागे रेडिओवर एक जुनं गाणं होतं. ते काढताना त्यावरचं बोलणंही गेलं. गोडबोले नुसतेच तोंड हलवत होते आणि न ऐकू आलेल्या विनोदावर अख्खं वऱ्हाड खो खो हसत होतं. गुणाजीने उठून टीव्हीला दोन थपडा मारल्या. व्हायोलाने कुणाकडेही न बघता पॅटिसची बशी फिरवली.

दुसऱ्या दिवशी रेमंडने अ‍ॅपवाल्यांना फोन लावला. खूप वेळ त्यांचं टिंग टिंग ऐकवून झाल्यावर सुमेधा नावाची एक गोड आवाजाची मुलगी बोलली.

“सर, म्युझिकचे राइट्स क्लिअर नाहीत. कॅसेट कंपनी बंद पडली, ती दुसरीने घेतली, दुसरीला तिसरीने. संगीतकारांची मुलं एकमेकांशी बोलत नाहीत. परवानगी मागायची कुणाकडे?”

“अगं, पण वाजवलंय मी!”

“हो सर. पण तुम्ही फक्त वाजवलंय.”

रेमंड त्या दिवशी जेवला नाही. शेवटी व्हायोला वैतागली. “त्यांना नको तर नको. वाडीला ऐकव की!”

म्हणून संध्याकाळी मालिका लागायच्या वेळी तो गॅलरीत उभा राहिला. घराघरांतले टीव्ही मुके झाले आणि रेमंड वाजवू लागला. दम पूर्वीचा उरला नव्हता, मधेच सूर फाटला, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग हे रोजचंच झालं; गॅलरीखाली अंगणात एक टीव्हीही मांडला गेला. गुणाजीच्या बायकोला, रमाबाईंना, जुने संवाद पाठ होते. गोडबोल्यांच्या हलत्या तोंडात त्या ते घालू लागल्या. आठवलं नाही तिथे स्वतःचे घातले. लोक त्यांवरच जास्त हसले.

त्यांच्या सुनेने, दर्शनाने, रेमंडचा व्हिडिओ नेटवर टाकला. सकाळी बघते तर व्हिडिओचा आवाज बंद आणि खाली सूचना: हक्कधारकाची तक्रार. परवानगी द्यायला जो मालक कुणाला सापडत नव्हता, तो बंदी घालायला रातोरात सापडला.

रेमंड खूश! त्याने लगेच सुमेधाला कळवलं. चार दिवसांनी तिचा फोन आला.

“सर, विचारलं त्यांना. ते म्हणतात, द्यायचा अधिकार आमच्याकडे नाही. फक्त थांबवायचा आहे.”

रेमंड इतका हसला की त्याला ठसका लागला. “पोरी, तू शनिवारी वाडीतच ये.”

ती खरंच आली. गॅलरीखाली रमाबाईंच्या शेजारी बसून तिने ट्रम्पेट ऐकली आणि लग्नाच्या प्रसंगात डोळ्यांत पाणी येईतो हसली.

“ऑफिसात सांगू नका हं,” निघताना ती म्हणाली. “आणि पुढच्या महिन्यात आणखी एक जुनी मालिका येतेय. तिच्यातली तर सगळीच गाणी काढावी लागणार.”

“काढा, काढा,” रमाबाई म्हणाल्या. “माका येळ आसा.”